आजीच्या आजीचा पुरावा

बारामती-इंदापूर भागात प्रत्यक्ष ज्यू माणूस पाहिलेले लोक फार नसतील. तरीही ज्यूंच्या इतिहासाशी जोडलेल्या दोन गोष्टी या दोन्ही तालुक्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. एक ठिबक आणि दुसरी ससून. नीरा डाव्या कालव्यावरचा ऊस असो की इंदापूरकडचे डाळिंब, ठिबकचा विषय निघाला की कोणीतरी इस्रायलचे नाव काढतोच. आणि गावातला गरीब माणूस हाताबाहेर आजारी पडला की 'ससूनला न्या' म्हणतात. हा ससून म्हणजे डेव्हिड ससून. बगदादच्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून परागंदा झालेला आणि १८३२ साली मुंबईत स्थिरावलेला ज्यू व्यापारी. कापूस आणि अफूच्या व्यापारात त्याने अमाप पैसा केला आणि त्यातला काही दानधर्मात घातला. पुण्याचे १८६७ चे ससून रुग्णालय त्या दानातून उभे राहिले. पुण्यातल्या लाल देवळाच्या आवारात त्याची कबर आहे.

ठिबकची कथा नंतरची. सिमचा ब्लास या इंजिनियरने हे तंत्र विकसित केले आणि १९६५ साली नेगेवच्या वाळवंटात हात्झेरिम नावाच्या किबुत्झवर, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतीवर, त्याचा कारखाना निघाला. आपल्याकडच्या शेतीतज्ज्ञांनी नळी उचलली. सामुदायिक मालकीचा शब्द मात्र कोणी उचलला नाही. ठिबक बसवायला आधी शेत लागते, हे भूमिहीनाला वेगळे सांगायला नको. तो विषय पुन्हा केव्हातरी.

आज सांगायचे आहे ते वेगळेच. ज्या नेगेवमधून ही नळी आली, त्याच नेगेवमधल्या बीरशेबा आणि डिमोना या गावांत मराठी बोलणारी माणसे राहतात. त्यांची आडनावे दिवेकर, पेणकर, चेऊलकर, रोहेकर, किहिमकर अशी आहेत. हे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते. आज ते चार-पाच हजारांवर आले आहेत. बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे लोद शहरातून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालवले. महाराष्ट्र सरकारने येथे उरलेल्या ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ साली, म्हणजे माणसे निघून गेल्यावर!

वाचकहो, या मराठी माणसांचे त्यांच्या 'वचनदत्त भूमी'त कसे स्वागत झाले, हे इस्रायलचे पोवाडे गाणारे आपल्याला कधी सांगत नाहीत.

१९४८ साली इस्रायल स्थापन झाले आणि बेने इस्रायल तिकडे जाऊ लागले. तिथे सत्ता युरोपातून आलेल्या गोऱ्या ज्यूंच्या हाती होती. काळ्या-सावळ्या मराठी ज्यूंच्या वाट्याला वाळवंटातल्या वसाहती आणि अंगमेहनतीची कामे आली. रंगावरून हिणवणे सुरू झाले. १९५१ साली बीरशेबाच्या काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये ठिय्या दिला आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. दोन हजार वर्षे ज्या भूमीसाठी प्रार्थना केली, तिथे पाय ठेवल्यावर माणसे म्हणतात की आम्हाला मुंबईला परत जाऊ द्या! यापेक्षा मोठी साक्ष कोणती हवी? १९५२ मध्ये त्यांच्यातले काही खरोखरच परत आले.

पण खरा घाव पुढे बसला. इस्रायलमध्ये लग्नाचा कायदा धर्मपीठाच्या हातात आहे. ज्यूंचे लग्न रब्बीच लावणार, आणि तो नाही म्हणाला तर देशात दुसरी सोय नाही. बेने इस्रायल तरुण-तरुणींची इतर ज्यूंशी लग्ने लावायला काही रब्बी नकार देऊ लागले. कारण काय, तर यांचे रक्त शुद्ध असल्याचा पुरावा नाही. शतकानुशतके हे हिंदूंमध्ये राहिले, मध्येच कोणी बाहेरची बाई घरात आली असेल. १९६२ साली मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या धर्मपीठाने लेखी आदेश काढला. बेने इस्रायल व्यक्तीचे लग्न लावण्यापूर्वी तिच्या आईची, आजीची, आजीच्या आईची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. आदेशात जमातीचे नाव घातले होते. पोलंडच्या ज्यूला, जर्मनीच्या ज्यूला असा प्रश्न नव्हता. पुरावा फक्त मराठी माणसाने द्यायचा!

आता त्यांनी काय केले ते लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. वंशावळी घेऊन ते रब्बीच्या दारात रांगेत उभे राहिले नाहीत. कोकणातल्या खेड्यातल्या निरक्षर पणजीचा कागद आणायचा तरी कोठून? पण कागद नव्हता म्हणून नव्हे, तर हा प्रश्न विचारण्याचा अधिकारच मान्य नाही म्हणून त्यांनी नकार दिला. आम्ही ज्यू आहोत की नाही हे तुम्ही ठरवणारे कोण? १९६४ च्या उन्हाळ्यात बायका-पोरांसह ते जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसले. शेवटी पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारला क्नेसेट, म्हणजे तिथली संसद, खास बोलवावी लागली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी संसदेने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत असे जाहीर केले. धर्मपीठाने आदेश बदलला. बदल असा, की बेने इस्रायल हे नाव काढले आणि 'ज्यांच्याबद्दल शंका असेल असे कोणीही' अशा अर्थाचे शब्द घातले. नाव गेले, शंका घेणारा मात्र तिथेच राहिला. शब्द बदलून जुनी गोष्ट चालू ठेवण्याची ही हातचलाखी आपल्या चांगल्या परिचयाची आहे.

यातली क्रूर थट्टा अशी की, वंशाचा पुरावा मागण्याचे हे हत्यार युरोपने शतकानुशतके ज्यूंवरच चालवले होते. स्पेनमध्ये पंधराव्या शतकात हजारो ज्यूंनी छळाला कंटाळून ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्म बदलला, आता तरी सुटलो असे त्यांना वाटले. पण १४४९ साली टोलेडो शहराने नियम केला की ज्याच्या रक्तात ज्यू पूर्वज आहेत त्याला, तो ख्रिस्ती असला तरी, सरकारी पद मिळणार नाही. पुढे हा 'रक्तशुद्धी'चा नियम स्पेनभर पसरला. १४९२ मध्ये उरलेल्या ज्यूंना देशाबाहेर काढले. धर्म बदलूनही जात पाठ सोडत नाही, हे आपल्याकडचे ख्रिस्ती झालेले दलित चांगले जाणतात. म्हणजे ही कल्पना केवळ भारताची मक्तेदारी नव्हती तर!

हे लोण आपल्या दारापर्यंतही आले होते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. येथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. तो ज्यू वंशातला, धर्माने ख्रिस्ती. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाले. ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळले आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळली. मेलेल्या माणसाकडूनही वंशाचा हिशेब वसूल केला. १९३५ साली हिटलरच्या न्युरेंबर्ग कायद्यांनी हेच काम सरकारी कोष्टक करून केले. आजी-आजोबांपैकी तीन ज्यू असतील तर माणूस ज्यू, मग तो स्वतः काहीही मानो. त्या कोष्टकाचा शेवट साठ लाख माणसांच्या कत्तलीत झाला.

भारतात ज्यूंचा असा छळ झाला नाही, असे अभिमानाने सांगितले जाते आणि ते खरे आहे. पण अर्धे खरे. भारताने त्यांना मारले नाही, जात दिली. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' केले. शेजाऱ्यांचे पाहून त्यांनी गोमांस सोडले, विधवेचे लग्न निषिद्ध मानले. आणि स्वतःतच 'गोरे इस्रायल' व 'काळे इस्रायल' असे दोन गट पाडले. बाहेरच्या जातीच्या बाईपासून झालेली संतती ती काळी. तिच्याशी बेटीव्यवहार नाही. मुंबईत बगदादी ज्यू आले तेव्हा तर बेने इस्रायल जमातच खालची ठरली. १८३६ साली बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की दफनभूमीत आमच्या आणि यांच्या कबरींमध्ये भिंत घालून द्यावी. अर्जदारांमध्ये डेव्हिड ससूनही होता! गावोगावच्या वेगळ्या स्मशानांसाठी आजही भांडावे लागणाऱ्या समाजाला या भिंतीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

कोचीनमध्येही तीच तऱ्हा. तिथल्या 'परदेशी' गोऱ्या ज्यूंच्या १५६८ सालच्या प्रार्थनागृहात, गुलामांच्या वंशातले म्हणून हिणवलेल्या ज्यूंना बरोबरीने बसायची मुभा नव्हती. त्याच समाजातले वकील ए. बी. सालेम यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या प्रार्थनागृहातच सत्याग्रह केला. त्यांना लोक 'ज्यूंचे गांधी' म्हणत. काळाराम मंदिराच्या पायऱ्यांवर १९३० ते १९३५ उन्हातान्हात बसलेल्या माणसांचा भाऊबंद हा कोचीनमध्ये होता, हे आपल्या किती लोकांना माहीत आहे?

बाबासाहेबांना ज्यूंच्या इतिहासाची नीट ओळख होती. अस्पृश्यांवरच्या त्यांच्या एका अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथाच्या शीर्षकातच 'घेट्टो' हा शब्द आहे. १५१६ साली व्हेनिसने ज्यूंना कोंडण्यासाठी जी वस्ती नेमली तिचे ते नाव. १९४१ मध्ये त्यांनी मोझेसवरही लिहिले. पण इजिप्तमधून बाहेर पडलेला समाज पुढे दुसऱ्याला इजिप्त करणार नाही, याची हमी कोणताही इतिहास देत नाही.

आता कोणी म्हणेल, पुरावा तर आपणही देतोच. खरे आहे. अनुसूचित जातीसाठी १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी १९६१ पूर्वीचा, इतर मागासांसाठी १९६७ पूर्वीचा. कोतवाल बुक, शाळेचा जुना दाखला, आजोबांच्या नावापुढची जात. बौद्ध झालेल्या घरातल्या पोरालाही आजोबाची जुनी जात कागदावर दाखवावी लागते. २०१४ च्या जुलैत बारामतीत धनगर समाजाने उपोषण केले तेव्हा वाद होता एका अक्षराचा, यादीतले 'धनगड' म्हणजेच 'धनगर' की नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो दावा फेटाळला. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी राज्यभर मोडी दफ्तरे धुंडाळली गेली. ज्या राज्यात सगळ्यांनाच आजोबा शोधावा लागतो, तिथे मराठी ज्यूंची गोष्ट परकी वाटू नये. फरक मात्र मोठा आहे, आणि तो विसरून चालणार नाही. आपला दाखला बंद केलेले दार उघडण्यासाठी आहे; रब्बीचा पुरावा उघडे दार बंद करण्यासाठी होता. दाखला मागणारा कारकून जेव्हा समोरच्याला लबाड समजूनच फाईल उघडतो, तेव्हा तोही रब्बीच्या खुर्चीत जाऊन बसतो.

बेने इस्रायलांनी १९६४ साली लढा जिंकला, पण दार त्यांच्यापुरतेच उघडले. इथिओपियाचे काळे ज्यू १९८४ मध्ये विमानांनी आणले गेले, तर त्यांनाही शुद्धीचा विधी करा म्हणून सांगण्यात आले. १९८५ मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये धर्मपीठासमोर ठिय्या दिला. १९९६ साली उघड झाले की त्यांनी दान केलेले रक्त रक्तपेढ्या गुपचूप फेकून देत होत्या. ही गोष्ट ज्यूंच्याच राष्ट्रातली.

आणि जो ज्यू नाही त्याचे काय? ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे १२०० माणसे मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्याचा निषेध करताना कोणाची जीभ अडखळू नये. त्यानंतर गाझात जे झाले त्यात, तिथल्या आरोग्य खात्याच्या आकड्यांनुसार, ऑक्टोबर २०२५ च्या युद्धबंदीपर्यंत साठ हजारांहून अधिक माणसे मेली. त्याचाही निषेध तेवढ्याच स्पष्टपणे व्हायला हवा. आपल्याकडचे प्रस्थापित पहिल्यावर बोलतात, दुसऱ्यावर मौन पाळतात, कारण त्यांचे प्रेम ज्यूंवर नाही, मुसलमानांच्या शत्रूवर आहे. युद्ध सुरू झाल्यावर पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद झाले आणि त्यांच्या जागी २०२४ मध्ये हरियाणा-उत्तर प्रदेशातून बांधकाम मजूर नेले. जीव धोक्यात घालून परक्या भिंती बांधायला कोण जातो? ज्याच्या नावावर सातबारा नाही तो.

याच इस्रायलच्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मणिपूर-मिझोरममधल्या 'बनेई मेनाशे' जमातीच्या ५८०० लोकांना २०३० पर्यंत नेण्याचा निर्णय घेतला आहे. २००५ साली तिथल्या मुख्य रब्बीनेच त्यांना इस्रायलचे वंशज म्हणून मान्यता दिली. पण वंशज मानले तरी ज्यू म्हणून नाव लागण्यासाठी त्यांना धर्मपीठासमोर विधिवत धर्मांतर करावेच लागते. ईशान्येकडची ही माणसे चेहऱ्यामोहऱ्याने वेगळी, गरीब आणि हिंसाचाराने होरपळलेली. पहिली पिढी मान खाली घालून विधी करील. त्यांची मुले लग्नाची होतील तेव्हा कोणता रब्बी काय विचारतो ते लोद आणि डिमोनातले दिवेकर-पेणकर त्यांना आधीच सांगू शकतील, विचारले तर मराठीतूनही.