आंबटपणाची साक्ष

माझे आजोळ देवासचे. लहानपणी मामा धारवरून मांडूला घेऊन जात, तेव्हा तिथल्या महालांपेक्षा मला फुगीर बुंध्याच्या अवाढव्य झाडांचेच नवल वाटे. फळ फोडले की आत पांढरा, भुसभुशीत, आंबट गर. तिकडे तिला 'मांडू की इमली' म्हणतात, मराठीत गोरखचिंच, आणि आमच्या कन्नड मित्रांच्या सावनूरला 'दोड्ड हुणसे'. तीन भाषांचा एकमुखी निकाल कोण नाकारणार? पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत मीही तिला बेधडक चिंचेच्या कुळात बसवली आणि हसे करून घेतले!

चूक जिभेची होती. चिंच आंबट होते ती मुख्यतः टार्टारिक आम्लाने. गोरखचिंचेत सायट्रिक आम्लाचा वाटा मोठा. शिवाय आंबटपणा हा नात्याचा पुरावाच नव्हे. नाहीतर लिंबू आणि आवळाही भाऊबंद ठरतील.

खरी कुळकथा बियांच्या तेलात आहे. त्यात मॅल्व्हॅलिक व स्टर्क्युलिक ही तीन कार्बनांचे कडे असलेली दुर्मिळ मेदाम्ले सापडतात. तीच सरकीच्या तेलात, तीच पांढऱ्या सावरीच्या. हाल्फेन परीक्षेत गंधकाबरोबर तापवल्यावर ही तेले लालसर होतात. म्हणजे मांडूच्या या 'चिंचे'चे खरे नातलग माळव्याच्या काळ्या रानातला कापूस आणि आपल्या ताटातली भेंडी! डीएनएची साक्षही तशीच पडली, आणि १९९८ च्या नव्या वर्गीकरणात सावरीचे कुळ भेंडीच्या कुळातच सामावले गेले.

तरीही रसायनाला एकट्याने न्यायाधीश करू नये. हीच आम्ले ग्नेटम या अगदी दूरच्या, नग्नबीज वनस्पतीच्या बियांतही आहेत. निसर्ग एकच युक्ती दोनदा शोधतो. म्हणून फूल, परागकण, रसायन आणि डीएनए असे सर्व साक्षीदार तपासूनच निकाल द्यावा.

माझी तक्रार आहे ती आपल्या शिकण्याच्या पद्धतीविषयी. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी पाने दाबून कागदावर चिकटवतात. रसायनशास्त्राचे विद्यार्थी बाटलीतली क्षारमिश्रणे ओळखतात. मधली भिंत कोणीच ओलांडत नाही. दोन्ही विभागांनी मिळून, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, परिसरातील दहा बियांची तेले तपासली तर काय बिघडेल? मराठी व कन्नड विभाग एका अंकात सुखाने नांदतात. मग एकाच इमारतीतल्या दोन प्रयोगशाळांना ते का जमू नये?