उसना गळा आणि समीक्षेचे निकष

पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकावरील सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपट २०१५ मध्ये आला, आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेविषयी मराठी समीक्षेतील एका मोठ्या गटाचा निकाल एका वाक्यात आटोपला : सचिन पिळगांवकर म्हणजे वसंतराव देशपांडे नव्हेत. विधान खरे आहे. पण ती समीक्षा नव्हे. ते स्मरणाचे विधान आहे, आणि स्मरणाला निकषाचा दर्जा देणे हा माध्यमांतराच्या चर्चेतील रूढ प्रमाद होय.

१९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात भूमिका करणारा देह आणि गाणारा गळा एकच होता. जितेंद्र अभिषेकींच्या चाली वसंतरावांच्या गायकीत प्रयोगागणिक नवा विस्तार घेऊ शकत आणि प्रेक्षागृहाची दाद त्या विस्तारात सामील होई. चित्रपटात राहुल देशपांडे यांचा गळा ध्वनिमुद्रणातच आपला काळ निश्चित करतो. नटाला त्या परक्या श्वासाच्या मापात उभे राहावे लागते. दोन्हीकडे ‘गाणे’ हा शब्द एकच असला, तरी क्रिया दोन आहेत. एकीच्या मापाने दुसरीला उणे ठरवणे तर्कदुष्ट आहे.

उसना गळा हाच दोष मानायचा, तर तो सर्वत्र मानावा लागेल. ‘बैजू बावरा’ (१९५२) मधील गानस्पर्धेत भारतभूषण यांच्या मुखातून द. वि. पलुसकर गातात, सांगली जिल्ह्यातील पलूस या गावाचे नाव ज्या घराण्याने संगीताच्या इतिहासात नेले, त्या घराण्यातला तो गळा. तानसेनाच्या वाट्याचे गाणे अमीर खाँचे आहे. तिथे हा आक्षेप घेण्याची आपली रीत नाही, कारण त्या पडद्यामागे रंगभूमीची आठवण उभी नाही. म्हणजे ‘कट्यार’वरील आक्षेप अभिनयाविषयी नसून आपल्या विरहाविषयी आहे.

नटाच्या समर्थकांचा युक्तिवादही याहून सकस नाही. ओठ स्वरांशी अचूक जुळले, ही त्यांची प्रशंसा. पण जुळणी हे कौशल्य आहे, अन्वयार्थ नव्हे.

मग पाहावे काय? स्वर येण्यापूर्वीचा आणि स्वर संपल्यानंतरचा देह. आणि त्याहून अधिक, त्याचे ऐकणे. खाँसाहेबांची शोकांतिका गळ्यात नाही, कानात आहे. पंडित भानुशंकरांची थोरवी कळण्याइतका तो कान तयार आहे, म्हणूनच ती त्याला सोसवत नाही. एक खून माफ करणारी कट्यार हाती येते, तरी ऐकलेला स्वर मारता येत नाही. या निकषावर सचिन यांची भूमिका असमान ठरते. गाताना हात आणि भुवया स्वराचे भाष्यकार होऊन बसतात. जे गळ्याने सांगितले तेच चेहरा पुन्हा सांगतो. मात्र स्पर्धेत पंडितजींना ऐकताना हे भाष्य थांबते, आणि मत्सराच्या तळाशी असलेली रसिकता दिसू लागते. भूमिका खरी होते ती तिथे.

हा निकाल कोणाला मान्य होईल, कोणाला होणार नाही; पण तो पडद्यावर पडताळून पाहता येतो. ‘वसंतराव नव्हेत’ हे पडताळण्याजोगे विधानच नाही. त्याने नव्या नटावर अन्याय होतो तो होतोच; खुद्द वसंतरावांवरही होतो. मोजपट्टी होऊन बसलेल्या कलावंताचा अभ्यास थांबतो.