आधी घड्याळ, मग ताट

खडकी बाजारातील एका व्यापारी कुटुंबात नाताळच्या सुट्टीतील सहलीचा विषय निघाला, तेव्हा घरातील नऊ माणसांपैकी आठ जणांनी तत्काळ होकार दिला. नववे माणूस म्हणजे आजी. वय चौऱ्याहत्तर, आणि चौविहाराचा नियम चाळीस वर्षांचा. त्या शांतपणे एवढेच म्हणाल्या, “तुम्ही सगळे जाऊन या. दुकानाचे फोन मी घेईन.”

या उत्तरामागचे कारण घरातील मोठ्यांना ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी हे कुटुंब असेच एका मनोरंजन उद्यानात गेले होते. दुपारी ‘जैन’ म्हणून मागविलेल्या भाजीत बटाट्याच्या फोडी निघाल्या, म्हणून आजींनी ताट बाजूला सारले. संध्याकाळी लवकर जेवू असे ठरले होते. परंतु पाच वाजता मुलांना आणखी एक पाळणा हवा झाला, त्याची रांग लांबली, आणि सर्वजण टेबलापाशी पोहोचले तेव्हा सूर्य मावळून दहा मिनिटे झाली होती. आजींनी पाण्याच्या बाटलीचे झाकण घट्ट लावले, पिशवीतून माळ काढली आणि नातवंडांच्या ताटांकडे कौतुकाने पाहत त्या बसून राहिल्या. त्यांनी तक्रारीचा एक शब्दही उच्चारला नाही. धाकट्या नातीने मात्र अर्धे जेवण तसेच ठेवले आणि घरी येईपर्यंत ती कोणाशी बोलली नाही.

या वेळी तीच नात म्हणाली, “आजी येणार नसेल तर मीही येणार नाही.” प्रश्न एका सहलीपुरता उरला नाही. आजीचा नियम हा सर्वांच्या आनंदातील अडथळा आहे, अशी समजूत मुलांच्या मनात रुजणार की नियम सांभाळूनही आनंद घेता येतो हे त्यांना दिसणार, एवढा अर्थ त्यात सामावला होता. दुकानाचा जमाखर्च पाहणाऱ्या थोरल्या सूनबाईंनी मग सहलीचे काम हाती घेतले आणि पाळण्यांच्या यादीआधी जेवणाचा कागद मांडला.

सहलीचे ठिकाण ठरले इमॅजिका. २०१३ साली सुरू झालेले हे उद्यान रायगड जिल्ह्यात खोपोली-पाली रस्त्यावर आहे. खडकीहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने दापोडी, पिंपरी, निगडी करीत किवळ्याला द्रुतगती मार्ग धरावा, बोरघाट उतरावा आणि खोपोलीकडे वळावे, असा हा सरळ प्रवास. घाटात वाहने तुंबली नाहीत तर तो दोन तासांच्या आसपास होतो. सुट्टीच्या दिवसांत मात्र या ‘तर’वर विसंबता येत नाही. जवळपास सर्वच मनोरंजन उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास मनाई असते. त्यामुळे ठेपले, खाखरे आणि पुरी-भाजीचा डबा हा आपल्या समाजाचा पिढीजात आधार दारापाशीच, गाडीत राहतो. आत गेल्यावर जेवण विकतच घ्यावे लागते, आणि म्हणून कोठे बसायचे हे आधी ठरवावे लागते.

अशा उद्यानांत खाण्याचे दोन प्रकार असतात. एक, खिडकीपाशी कूपन घेऊन उभ्याने खाणे. दुसरा, टेबलाशी बसून मागविणे. पहिला स्वस्त आणि झटपट. पण तेथील पदार्थ बहुधा आधीच तयार असतात, आणि खिडकीतील मुलाला रश्शात काय आहे हे सांगता येतेच असे नाही. दुसऱ्या प्रकारात खर्च अधिक, वेळही अधिक. परंतु प्रश्न विचारता येतो, आचाऱ्यापर्यंत निरोप पोहोचतो आणि पदार्थ आपल्यासाठी वेगळा करून मिळण्याची शक्यता असते. कंदमूळ न खाणाऱ्या कुटुंबाला बसून जेवण्यासाठी द्यावा लागणारा जादा पैसा हा या चौकशीचा मोबदला समजावा.

सूनबाईंनी पहिली नोंद सूर्यास्ताची केली. डिसेंबरच्या उत्तरार्धात पुणे-खोपोली परिसरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जूनमध्ये हीच वेळ सव्वासातच्या जवळ जाते. ज्या घरांत सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, आधी जेवण आटोपण्याची पद्धत आहे, त्यांना डिसेंबरात सव्वापाचलाच ताट सोडावे लागते. या घरात सूर्यास्तापूर्वी हात धुतले की पुरते. तेथून त्यांनी उलटी मोजणी केली. नऊ माणसांना जेवायला पाऊण तास, पदार्थ येण्यास अर्धा तास, विचारपूस आणि मागणीस पंधरा मिनिटे, टेबल मिळण्यास आणखी पंधरा. एकूण पावणेदोन तास. याचा अर्थ सव्वाचार वाजता उपाहारगृहाच्या दारात उभे राहणे आवश्यक.

ही वेळ पाहून कोणीही म्हणेल की चार वाजता कोण जेवते? परंतु हाच तर लाभ आहे. दुपारची गर्दी तीनपर्यंत ओसरते आणि रात्रीच्या जेवणाची सातनंतर सुरू होते. मधल्या वेळेत टेबल सहज मिळते आणि आचाऱ्याला वेगळी फोडणी द्यायला सवड असते. जपण्याची गोष्ट एकच. पुष्कळ उपाहारगृहांचे स्वयंपाकघर या वेळेत बंद असते किंवा केवळ चहा-फराळ देते. म्हणून पहिला प्रश्न ‘काय मिळते?’ हा न विचारता ‘साडेचार वाजता पूर्ण जेवण मिळते का?’ हा विचारावा. अनेक नावे या एकाच प्रश्नाने यादीतून गळतात.

दुसरी नोंद ‘जैन’ या शब्दाची. बाहेरच्या आचाऱ्यासाठी या शब्दाचा अर्थ बहुधा ‘कांदा-लसूण नाही’ इतकाच असतो. बटाटा, गाजर, बीट, मुळा, ओले आले यांची गणना तो त्यात करीत नाही. पावभाजी आणि कटलेट ‘जैन’ म्हणून येतात आणि आतून बटाटा निघतो, तो याच गैरसमजातून. शाकाहाराचा हिरवा ठिपकाही मांस-अंडे नसल्याची ग्वाही देतो, कंदमुळाविषयी तो मौन बाळगतो. म्हणून शब्दावर न थांबता वस्तूंची नावे घ्यावीत. त्यानंतर रस्सा ताजा होतो की सकाळीच वाटून ठेवलेला असतो, तळणीचे तेल वेगळे असते का, टोमॅटो सॉसमध्ये कांदा-लसूण आहे का, मेयोनीज अंड्याविना आहे का, आणि मिष्टान्नात जिलेटिन आहे का, हे विचारावे. द्विदल पाळणाऱ्यांनी दहीवड्याचाही विचार करावा.

सूनबाईंनी दोन दिवस आधी तीन ठिकाणी फोन लावले. पहिल्या ठिकाणी उत्तर मिळाले, “हो मॅडम, सगळे जैन होईल.” त्यांनी विचारले, “पनीरच्या भाजीचा रस्सा कशाचा?” पलीकडून पुन्हा तेच, “सगळे होईल.” त्या नावापुढे त्यांनी फुली मारली. दुसरीकडे चार ते सात स्वयंपाकघर बंद असल्याचे कळले. तिसऱ्या ठिकाणच्या माणसाने थोडा वेळ मागितला, आत विचारून आला आणि म्हणाला, “रश्श्याच्या भाज्या नाही जमणार, वाटण कांद्याचेच असते. पिवळे वरण, जिरे-भात, तव्यावरची भेंडी, कोबीची सुकी भाजी आणि फुलके वेगळे करून देऊ. पण येण्याआधी अर्धा तास फोन करा.” त्यांनी हीच जागा निवडली. धान्याच्या व्यापारात ‘माल उद्या येईल’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘हा माल माझ्याकडे नाही’ असे स्पष्ट सांगणाऱ्याशी व्यवहार पुढे टिकतो, हा अनुभव येथेही लागू पडला.

बुफे घ्यावा की मागवून जेवावे, याचाही हिशेब त्यांनी केला. बुफेत वाट पाहावी लागत नाही आणि पदार्थ डोळ्यांना दिसतो. परंतु एका भांड्यातील डाव दुसऱ्यात जातो आणि चारच पदार्थ चालणाऱ्याकडूनही पूर्ण ताटाचे पैसे घेतले जातात. म्हणून त्यांनी मागवून जेवण्याचा निर्णय केला.

बिलाविषयीही दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. साधारण उपाहारगृहात वस्तू व सेवा कर ५ टक्के असतो. ज्या हॉटेलात खोलीचे एका दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांहून अधिक आकारले गेले आहे, तेथील उपाहारगृहात तो १८ टक्के होतो. सहा हजारांच्या जेवणावर पहिल्या ठिकाणी ३०० रुपये, तर दुसऱ्या ठिकाणी १,०८० रुपये कर पडतो. उद्यानाला लागून असलेल्या मोठ्या हॉटेलात बसण्यापूर्वी हा फरक ध्यानात घ्यावा. सेवाशुल्क मात्र ऐच्छिक आहे. ते बिलात आपोआप जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ते उचलून धरले. ज्याने खास आपल्यासाठी तवा वेगळा धुतला, त्याच्या हाती स्वखुशीने काही ठेवणे ही वेगळी आणि योग्य गोष्ट.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आता परदेशातील उद्यानांतही जातात. अमेरिकेत ऑर्लँडो येथे डिस्ने स्प्रिंग्ज आणि युनिव्हर्सलचे सिटीवॉक ही उपाहारगृहांची वसाहत उद्यानाच्या तिकीट-दाराबाहेर आहे. तेथे प्रवेशपत्रिकेशिवाय जाऊन बसता येते. आहाराचे पथ्य टेबल राखून ठेवतानाच कळवावे, ही तेथील रीत. सूर्याचा हिशेब मात्र तेथेही सुटत नाही. जूनमध्ये ऑर्लँडोला सूर्य जवळजवळ साडेआठला मावळतो, त्यामुळे चौविहार खडकीपेक्षाही सोपा. पण नाताळात तो साडेपाचलाच मावळतो आणि बेसावध कुटुंबाची तीच गत होते. सिंगापुरात वर्षभर ही वेळ सातच्या आगेमागे राहते. देश कोणताही असो, तिकिटाआधी सूर्यास्ताची वेळ पाहावी.

आजींना हा कागद दाखविण्यात आला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. “एवढे कशाला करायचे माझ्यासाठी?” असे त्या म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी प्रवासाची चप्पल त्यांनीच पुसून ठेवली.

ठरलेल्या दिवशी पावणेचारला फोन झाला. सव्वाचारला नऊही जण उपाहारगृहात होते; नातवाला एक पाळणा सोडावा लागला, त्याने थोडे तोंड वाकडे केले आणि मग ते विसरला. भेंडी आली, वरण आले, फुलके गरम आले. कोबीच्या भाजीत नजरचुकीने गाजराचा कीस पडला होता. वाढणाऱ्याच्याच ते लक्षात आले आणि ताट टेबलावर ठेवण्याआधी त्याने भाजी परत नेली. नवी भाजी येण्यास बारा मिनिटे लागली. सूनबाईंनी घड्याळ पाहिले. पावणेदोन तासांच्या हिशेबात ती बारा मिनिटे सामावून गेली. साडेपाचला आजींनी उकळून आणलेल्या पाण्याचा शेवटचा घोट घेतला, हात जोडले आणि पच्चक्खाण घेतले.

उरलेली संध्याकाळ सर्वांचीच होती. दिवे लागले, संगीत सुरू झाले, मुलांनी आणखी दोन पाळणे केले. धाकटी नात आजींचा हात धरून दिव्यांची रोषणाई पाहत उभी होती. तिने मध्येच विचारले, “आजी, भूक लागली का तुला?”

“नाही गं,” आजी म्हणाल्या, “आज पोटभर झाले.”