ऑपरेशन गुडघ्याचं, तयारी डोक्याचीही

ऑपरेशन उत्तम झालं, पण दुसऱ्या रात्री आजोबा सलाइनची नळी ओढू लागले, मुलाला ओळखेनात. आपल्याकडे याचं खापर ठरलेलं असतं: भुलीने डोकं बिघडवलं. मग पुढच्या वेळी घरचे हटून बसतात, की कमरेतच इंजेक्शन द्या. पण खुब्याचं हाड मोडलेल्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२१ आणि २०२२ मध्ये आले. पूर्ण भूल दिली काय नि कमरेतली दिली काय, भ्रम होण्याच्या प्रमाणात त्यांत विशेष फरक दिसला नाही.

म्हणून माझं सांगणं आहे, की भुलीवर वाद घालण्यापेक्षा ऑपरेशनच्या आधीचे महिने कामी लावा.

हा भ्रम बहुधा काही दिवसांत ओसरतो. मागे रेंगाळतो तो विसराळूपणा. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात साठीपुढच्या १,२१८ रुग्णांची स्मरणशक्ती तपासली होती. ऑपरेशननंतर आठवड्याने सुमारे चौघांत एकाची घसरलेली होती, तीन महिन्यांनी दहांत एकाची. वय हे सगळ्यात मोठं कारण, आणि त्यावर इलाज नाही. पण शरीरावर सुरी चालली की सगळ्या अंगात दाह उसळतो, ताणाची संप्रेरकं वाढतात, मधुमेह नसलेल्यांचीही साखर चढते. वर्षानुवर्षं साखर, रक्तदाब आणि पोटाचा घेर वाढलेल्या माणसाच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच खराब झालेल्या असू शकतात. अशा मेंदूला हा धक्का पचवणं जड जातं.

गुडघा बदलायचा असेल, हर्निया असेल, तर हाताशी वेळ असतो. तारीख घेण्याआधी एचबीएवनसी करून घ्या. ही तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, त्यामुळे आठ दिवस भात सोडून ती उतरत नाही. आकडा ८ च्या बराच वर असेल आणि डॉक्टर म्हणाले, ‘थोडं थांबू’, तर चिडू नका, हॉस्पिटलही बदलू नका. साखर आटोक्यात आणली म्हणून विसराळूपणा टळेलच, अशी हमी मात्र कोणी देऊ नये. जखम लवकर भरते, जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो, एवढं तरी पदरात पडतं. उलट घाईने उपास करून, मनानेच गोळ्या वाढवून साखर पाडू नका. एकदम घसरलेली साखर मेंदूला जास्त घातक. आणि हाड मोडलंय किंवा कॅन्सरची गाठ काढायचीय, तर या आकड्यापायी अडून बसू नका.

भूलतज्ज्ञांपासून काही लपवू नका. झोपेची गोळी, सर्दी-खाजेची झोप आणणारी गोळी, रोजची दारू, सगळं सांगा. दारूचं घरातली माणसं सांगत नाहीत, आणि ती अचानक तुटली की रुग्ण तिसऱ्या दिवशी बरळू लागतो. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर ती कधी बंद करायची हे आधीच विचारा; साधारणपणे तीन दिवस आधी थांबवतात.

वॉर्डात सोबतीला बसणाऱ्याचं काम फळं कापण्याइतकंच नसतं. चष्मा, कवळी, कानाचं मशीन शुद्ध आल्याबरोबर परत लावा. दिवसा पडदे उघडे, रात्री दिवा आणि टीव्ही बंद. डॉक्टरांनी परवानगी दिली की पाणी पाजा, उठवून चालवा. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनौये यांनी औषधोपचारासाठी दाखल झालेल्या सत्तरीपुढच्या रुग्णांवर हेच करून पाहिलं. भ्रमाचं प्रमाण १५ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आत आलं. लक्ष मात्र आरडाओरडा करणाऱ्यावरच ठेवू नका. ‘शांत पडलेत, आराम करतायत’ असं आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, तेही भ्रमात असू शकतात. कालपेक्षा आज जास्त गुंगीत वाटले तर नर्सला बोलवा.

घरी आल्यावर काही आठवडे रुग्णाकडून बँकेच्या, जमिनीच्या कागदांवर सह्या घेऊ नका. तीन महिन्यांनंतरही पैशांचा हिशेब चुकत असेल, रोजची वाट आठवत नसेल, तर वयाच्या नावावर सोडून न देता डॉक्टरांना दाखवा आणि रक्तात बी-१२, थायरॉइडही तपासायला सांगा. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, विशेषतः शाकाहारी माणसांत, बी-१२ कमी असू शकतं, आणि ते भरून काढता येतं.