सुई देणे गुन्हा नाही



‘गर्दुल्ल्यांना सुया वाटणे म्हणजे नशेला खतपाणी’ हे पत्र वाचले. सुई मिळाली नाही म्हणून नशा सुटत नाही. एकच सुई चौघांत फिरते आणि एचआयव्ही, हेपॅटायटिस-सी पसरतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचे कलम २२ अशा सुईवाटपाला गुन्हा ठरवू देत नाही. शिवाय नवी देताना वापरलेली परत घेतात. पत्रलेखकांना खुपणारा रस्त्यावरचा सुयांचा कचराही त्याने कमीच होईल! सुया देता-घेता झालेल्या ओळखीतूनच माणूस नशेवरच्या उपचारापर्यंत, जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिन गोळीपर्यंत पोहोचतो. उलट त्याला वाशी-तुर्भ्यातल्या एका पुलाखालून हुसकले, तर तो दुसऱ्या पुलाखाली जाईल, एवढेच. महापालिकेने तिथे संध्याकाळी फिरता दवाखाना न्यावा, जखमा बांधाव्यात, क्षय तपासावा. आणि आधार कार्ड मागू नये.

– एक वाचक, नेरूळ