झोप आली नाही की काय करता?

परदेशातले वैद्यकीय विद्यार्थी माझ्याकडे दोन गोष्टी मागतात आणि दोन्ही एकाच पत्रात मागतात. ‘तुमच्या ओपीडीत महिनाभर बसू द्याल का?’ ही पहिली. ‘जवळपास ध्यान शिकायची चांगली सोय कुठे आहे?’ ही दुसरी. मी नाशिकला मनोविकारतज्ज्ञ आहे आणि विपश्यनेचं केंद्र असलेली इगतपुरी इथून पंचेचाळीस किलोमीटरवर. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांना बहुधा माझ्याआधी ठाऊक असतं. पुष्कळदा इगतपुरी आधी ठरलेली असते; मी वाटेत पडतो, इतकंच.

यात जर्मन मुलं जास्त. त्यांच्याकडे डॉक्टर होण्याआधी सुट्ट्यांमधून एकूण चार महिने दवाखान्यात उमेदवारी करावीच लागते. त्याला ‘फामुलाटूर’ म्हणतात आणि त्यातला काही काळ परदेशात काढता येतो. आपला इंटर्न पीजीच्या ‘नीट’चे प्रश्नसंच मांडीवर घेऊन ड्युटी काढत असतो, त्या वयात ही मुलं पाठीवर पिशवी टाकून पंचवटीत उतरतात. हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

मनाच्या डॉक्टरांनी दूरदेशी जाणं तसं जुनंच. मनोविकारांची आजची वर्गवारी ज्यांच्या कामावर उभी आहे, ते एमिल क्रेपलिन १९०४ साली जावा बेटावरच्या वेड्यांच्या इस्पितळात जाऊन रुग्ण तपासत होते. आपल्याकडे दिसणारे आजार तिकडच्या माणसांनाही होतात का, हे त्यांना पाहायचं होतं. १९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस ही फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ ईसीजीचं यंत्र घेऊन भारतात योग्यांच्या हृदयाचे ठोके नोंदवायला आली. मेडार्ड बॉस हे स्विस मनोविकारतज्ज्ञ, स्वतः फ्रॉइडकडे मनोविश्लेषण करून घेतलेले, पन्नाशीच्या दशकात भारतात येऊन साधूंशी बोलत बसले आणि परत जाऊन त्यांनी त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. थोडक्यात, क्रेपलिन आजार शोधायला गेले आणि बॉस औषध शोधायला आले. माझ्याकडे येणारी मुलं बॉसच्या वळणाची.

मागच्या हिवाळ्यात आलेली मुलगीही तशीच. आमच्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी तिचं ‘जर्मनची मॅडम’ असं बारसं केलं. तिला पहिला धक्का बसला तो गर्दीचा नाही, नातेवाइकांचा. पेशंट एक आणि सोबत चार. बायको लक्षणं सांगते, भाऊ तिची दुरुस्ती करतो, आई मध्येच ‘त्याला आधी जेवायचं विचारा’ म्हणते आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो खिडकीबाहेर बघत असतो. तिच्या देशात लाखामागे पंचवीसहून अधिक मनोविकारतज्ज्ञ आहेत. आपल्याकडे लाखाला एकही पुरा पडत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मनोविकार असलेल्या दर दहांपैकी आठांहून जास्त लोक उपचारांविना असल्याचं दिसलं. म्हणजे माझ्या बाकावर दाटीवाटीने बसलेले ते नशीबवान.

चौथ्या दिवशी तिने विचारलंच, “तुम्ही पेशंटना ध्यान का सांगत नाही? तुमच्या देशाची गोष्ट ती.” मी म्हटलं, “आधी त्यांना झोपू दे.” उत्तर तिला फारसं पटलं नसावं. पण दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःचा एक प्रश्न सुरू केला. मोडक्या हिंदीत, प्रत्येकाला एकच: झोप आली नाही की काय करता? सिस्टर तो मराठीत सांगायच्या आणि ती उत्तरं वहीत उतरवून घ्यायची.

त्या वहीतली दोन माणसं मी सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिला निफाडकडचा द्राक्ष बागायतदार. गोडी छाटणी झालेली, बाग फुलोऱ्यात आणि वर अवकाळी पाऊस. डाऊनी रोगाच्या भीतीने फवारण्यांवर फवारण्या, सोसायटीचं कर्ज आणि सहा आठवडे झोपेचा पत्ता नाही. “काय करणार, बॅटरी घेऊन बागेत चक्कर मारतो,” तो म्हणाला. बायकोने पुढचं सांगितलं, “मी मोबाइलवर हरिपाठ लावते, साहेब. तेवढा वेळ पडून राहतात. संपला की परत उठून बसतात.” तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं. मला त्यात उपचाराचं टोक दिसलं. गोळ्या सुरू केल्या, जिवाचं काही बरंवाईट करून घेण्याचा विचार येतो का ते विचारलं, घरातली कीटकनाशकं भावाच्या कुलपात ठेवायला सांगितली. आणि हरिपाठ चालू ठेवा म्हटलं. फक्त पडून ऐकण्याऐवजी बसून, तोंडाने म्हणत. दोन-तीन आठवड्यांनी झोप बसली, तेव्हा त्याने श्रेय हरिपाठाला दिलं, बायकोने गोळ्यांना. मी भांडण सोडवायला गेलो नाही.

दुसरी सिन्नरकडची शिक्षिका. तिचं उत्तर होतं, “जप करते.” सिस्टर कौतुकाने हसल्या. मग कळलं की एकशे आठ मण्यांत मन एकदा जरी भरकटलं, तरी ती माळ पहिल्या मण्यापासून पुन्हा धरते. जपात वाईटसाईट शब्द मनात येतो, तो आला की सगळं बाद. म्हणून पहाटे साडेतीनला उठते, तरी शाळेची घंटा चुकते. हा मंत्रचळ, ओसीडी. त्याने या बाईच्या घरात देवघरातून प्रवेश केला होता, एवढंच. औषधाबरोबर तिला आम्ही एक अवघड गृहपाठ दिला: माळ मुद्दाम अर्धी सोडायची आणि जी घालमेल होईल तिच्यासकट उठून डबा भरायला लागायचं. सासूबाई अस्वस्थ झाल्या. “डॉक्टर, जप अर्धा टाकायला सांगता?” मी म्हटलं, “आई, देवाला मोजदाद लागत नाही. आजाराला लागते.”

दोघं एकाच सकाळी आले होते. नाम एकाला तासभर स्वस्थता देत होतं आणि दुसरीला पहाटे साडेतीनपासून राबवत होतं. वांगं एकाला पथ्याचं, दुसऱ्याला वातूळ, तसं. जर्मनच्या मॅडमनी त्या दिवशी ध्यानाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

मग ती इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिराला गेली. तिथली वही तिला मला दाखवता आली नाही, कारण वही-पेन, पुस्तक, मोबाइल हे सगळं पहिल्याच दिवशी जमा होतं. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि फळ, सातला प्रवचन. दिवसाकाठी जवळजवळ दहा तास बसायचं आणि बोलायचं नाही. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास, नाकपुडीशी येणारा-जाणारा. चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना डोक्यापासून पायापर्यंत पाहत जायच्या आणि त्यांना हवं-नको म्हणायचं नाही. दुसऱ्याच दिवशी पळून जावंसं वाटलं आणि गुडघ्यांनी महिनाभर हिशेब मागितला, असं ती सांगत होती. आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती मला जास्त महत्त्वाची वाटली: “इथे ओपीडीत आपण दिवसभर लोकांना ‘कसं वाटतंय’ विचारतो. तिथे शेजारी बसलेलीने दहा दिवसांत मला एकदाही विचारलं नाही. मला ते झेपलं, कारण मी धडधाकट होते.”

या शेवटच्या वाक्यासाठी तिचा सगळा प्रवास वसूल झाला, असं मी म्हणेन. कारण ही गोष्ट तिथली मंडळीही सांगतात, पण आपण ऐकत नाही. प्रवेशाच्या अर्जात मानसिक आजाराविषयी स्पष्ट विचारलेलं असतं. ही साधना वैद्यकीय किंवा मानसोपचारांना पर्याय नाही, असं नियमावलीत छापलेलं असतं. इगतपुरीच्या परंपरेचे आचार्य सत्यनारायण गोयंका स्वतःची गोष्ट प्रवचनात सांगत. ते ब्रह्मदेशातले मोठे उद्योगपती. अर्धशिशी इतकी, की मॉर्फीनची इंजेक्शनं घ्यावी लागत. ती सवय सुटावी म्हणून युरोप, अमेरिका, जपानचे डॉक्टर पालथे घातले आणि रिकाम्या हाताने रंगूनला परतले. तिथे १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल, हिशेबाला पक्के. त्यांनी काय म्हणावं? डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका. अर्धशिशी पुढे गेली ती वाटेतला लाभ म्हणून. ज्या परंपरेने भारतात परतून १९७०च्या दशकात इगतपुरीच्या डोंगरावर केंद्र उभारलं, तिच्या उंबरठ्यावरच ‘हा दवाखाना नव्हे’ अशी पाटी आहे.

पाटी वाचायची नाही असं ठरवणारे आमच्याकडे येतात ते नंतर. लिथियमच्या गोळ्यांवर चार वर्षं स्थिर असलेला, बायपोलर आजाराचा एक मुलगा. घरच्यांना वाटलं, एकदा ध्यान शिकला की गोळ्या सुटतील. कुठल्याशा शिबिराच्या अर्जात आजाराच्या रकान्यापुढे ‘नाही’ लिहिलं, “खरं लिहिलं तर घेत नाहीत ना, सर.” साधनेत गोळ्या कशाला, म्हणून त्याही थांबवल्या. बायपोलर आजारात झोप तुटली की उन्माद उसळू शकतो. लिथियम अचानक बंद केलं तरी उसळू शकतो. इथे दोन्ही एकदम झालं. दोष शिबिरवाल्यांचा नव्हता, त्यांनी विचारलं होतं. ध्यान म्हणजे पुण्य, आणि पुण्याने कधी अपाय होतो का, ही जी आपली समजूत आहे, तिने हा मुलगा दवाखान्यात भरती केला.

पश्चिमेकडच्या संशोधकांनी एक केलं: पुण्य बाजूला ठेवून ध्यानाला औषधाचे प्रश्न विचारले. कोणाला, किती, केव्हा, आणि अपाय काय? १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात ध्यानाचा वर्ग सुरू केला. त्यावरून पुढे नैराश्यासाठी खास उपचार घडला. पुन्हा पुन्हा नैराश्य येणाऱ्या माणसाला एखादी उदास दुपारही जुन्या विचारांची सगळी साखळी ओढून आणते. विचाराला विचार म्हणून ओळखायचं आणि साखळीची पहिली कडी हातातून सोडायची, एवढं त्यात शिकवतात. २००० सालच्या अभ्यासात तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी नेहमीच्या उपचारांवर ६६ टक्क्यांना आजार उलटला, हा वर्ग केलेल्यांमध्ये ३७ टक्क्यांना. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ४२४ रुग्णांच्या चाचणीत वर्ग करून औषध हळूहळू कमी करणारे आणि औषध चालू ठेवणारे, दोन वर्षांनी जवळजवळ बरोबरीत राहिले: आजार उलटण्याचं प्रमाण ४४ आणि ४७ टक्के. आकडे छान आहेत, पण त्यांच्यात एक अट दडलेली आहे. वर्गात बसवलं तेव्हा हे सगळे रुग्ण नैराश्यातून बाहेर आलेले होते. बुडताना पोहायला शिकवलं नव्हतं. आणि २०२० च्या एका आढाव्यात ध्यानाच्या अभ्यासांमध्ये साधारण आठ टक्के लोकांना चिंता वाढणं, उदास होणं असे त्रास झाल्याचं आढळलं. इतर मानसोपचारांतही साधारण एवढंच प्रमाण दिसतं. म्हणजे घाबरायचं कारण नाही, पण विचारायचं कारण आहे.

हे प्रश्न आपल्याकडे कुणी विचारलेच नाहीत असंही नाही. जर्मनच्या मॅडमनी सोबत आणलेल्या फायलीत एक जुना निबंध होता, परळचा. केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांचे सहकारी साठ-सत्तरच्या दशकांत योगसूत्रांवर बेतलेले उपचार करत होते: आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान. रोज तासभर, काही आठवडे. तुलनेसाठी काही रुग्णांना दिसायला तसाच पण गाभा काढून घेतलेला उपचार दिला. पतंजलींच्या नावाने चाललेल्या उपचारालाही नकली गोळीसारखी कसोटी लावायची, ही बुद्धी पन्नास वर्षांपूर्वी परळमध्ये झाली होती. त्या कामात वाहियांबरोबर असलेले डॉ. दिलीप जेस्ते पुढे अमेरिकेत गेले आणि २०१२ मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले. वाहियांची कसोटी मात्र आपण पुरेशी पुढे नेली नाही. योगदिनाच्या चटया अंथरल्या आणि तिकडे चाचण्या झाल्या. त्या मुलीला परळचा निबंध जर्मनीहून घेऊन यावा लागला.

माझं म्हणणं साधं आहे. ध्यानात गुण आहे, म्हणूनच ते सरसकट वाटायची चीज नाही. तीव्र नैराश्य, ताजा उन्माद, भास होणारा माणूस, यांना दहा दिवसांच्या मौनात पाठवू नका. आधी उपचार, आधी झोप. बरं झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, थोडं, रोजचं, कुणाच्या तरी देखरेखीत. अर्जात खरं लिहा. गोळ्या आणि साधना यांतलं एक निवड, असं घरच्यांनी पेशंटला म्हणू नये. आणि रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

तरुण डॉक्टरांना वेगळं सांगणं आहे. केसपेपरवर चहा, तंबाखू, दारू विचारतो, त्याखाली एक ओळ वाढवा: जप, ध्यान, पारायण. किती वेळ, केव्हापासून? आणि त्याला जोडून विचारा: बरं वाटतं म्हणून करता, की केल्याशिवाय सुटका नाही म्हणून? कधी कधी सगळं निदान त्या एका उत्तरात मिळतं आणि रक्ततपासणीचे पैसे वाचतात.