लाल बटणाला घाबरू नका

मोटरसायकल नवी असो की जुनी, गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो: उजव्या मुठीजवळचं ते लाल बटण रोज वापरू नका, त्यानं इंजिन खराब होतं, गाडी नेहमी चावीनंच बंद करा. वडील मुलाला हेच सांगतात आणि मुलगा मित्राला. पुष्कळ गाड्यांवरचं हे बटण, म्हणजे किल स्विच, खरेदीपासून विक्रीपर्यंत एकदाही दाबला जात नाही. हा सल्ला चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात इंजिनाचं काही भलं होत नाही आणि चालवणाऱ्याच्या जिवाला मात्र धोका वाढतो.

आधी इंजिनाचं पाहू. पेट्रोलचं इंजिन चालतं ते हवा, पेट्रोल आणि ठिणगी यांच्यावर. कार्बोरेटरच्या गाडीत चावी फिरवली काय किंवा लाल बटण दाबलं काय, बंद होते ती ठिणगीच. ती कोणत्या वाटेनं बंद झाली हे पिस्टनला कळायचं काहीच कारण नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानकं लागू झाली आणि नव्या मोटरसायकली जवळजवळ सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. त्यांत लाल बटण ठिणगीबरोबर सहसा पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टरही थांबवतं. म्हणूनच बटण पुन्हा सुरू केलं की टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची ‘झूं’ ऐकू येते. चावी हेच करते आणि शिवाय दिवे, हॉर्न, मीटर असं सगळंच बंद करते. म्हणजे फरक आहे तो इंजिनाबाहेरच्या वस्तूंत. इंजिनापुरतं दोन्ही एकच.

याचा पुरावा कंपन्यांनीच रस्त्यावर आणून ठेवला आहे. हिरोनं 2014 मध्ये स्प्लेंडर आयस्मार्टवर आयथ्रीएस ही यंत्रणा दिली. सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये थोडा वेळ उभी राहिली की इंजिन आपोआप बंद होतं आणि क्लच दाबला की सुरू होतं. चावी या सगळ्यात चालूच असते. चावी न फिरवता इंजिन थांबवल्यानं ते खराब होत असतं, तर सर्वांत मोठ्या खपाच्या गाडीवर कुठल्या कंपनीनं ही जोखीम घेतली असती? 2020 च्या ॲक्टिवा 6जी स्कूटरवरही होंडानं इंजिन सुरू-बंद करण्याचा स्विच मुठीजवळच बसवला, तो वापरण्यासाठीच.

मग ही भीती आली कुठून? तिच्यामागे अनुभव आहेत, पण ते भलत्याच गोष्टींचे. एक आहे जुन्या बुलेट-येझदीचा. त्या गाड्यांत पॉइंट आणि कॉइलचं इग्निशन असे. इंजिन थांबलेलं, पॉइंट मिटलेले आणि चावी चालू राहिली, तर कॉइलमधून सतत करंट वाहून ती तापायची, कधी जळायची. त्या काळच्या मेकॅनिकनं ‘आधी चावी बंद कर’ म्हणणं अगदी बरोबर होतं. पण पॉइंट गेले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, तरी सल्ला तसाच राहिला.

दुसरा अनुभव फटाक्यांचा. भरधाव जाताना मूठ पिळलेली ठेवून लाल बटण क्षणभर बंद-चालू करायचं, म्हणजे न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि बंदुकीसारखा बार होतो. कार्बोरेटरच्या गाडीत तर हे फारच सहज घडतं. यानं सायलेन्सर फाटू शकतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो, आणि रस्त्यानं चाललेल्या म्हाताऱ्या माणसाच्या काळजाचं काय होतं ते वेगळंच. पुणे, नागपूरच्या पोलिसांनी कर्णकर्कश सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरवले, ते योग्यच केलं. पण हा दोष बटणाचा नाही, तर वेगात आणि पिळलेल्या मुठीनं ते दाबणाऱ्याचा आहे. थांबलेल्या गाडीत, मंद चालणारं इंजिन त्याच बटणानं बंद केलं तर असं काहीही होत नाही.

उरला बॅटरीचा आक्षेप, आणि तो मात्र मला मान्य आहे. बटण दाबलं, इंजिन थांबलं, माणूस बोलत-बोलत घरात गेला आणि चावी तशीच राहिली, तर सकाळी बॅटरी उतरलेली असते. दुसरी गंमत म्हणजे बटण बंद राहिल्याचं विसरून पंधरा मिनिटं सेल मारणारे आणि शेवटी मेकॅनिकला बोलावणारे लोकही पाहायला मिळतात. पण यावर उपाय बटण सोडून देणं हा नाही. बटणानंतर लगेच चावी बंद करून हातात घेण्याची सवय लावली की हा प्रश्न मिटतो.

एवढ्या चर्चेत खरं नुकसान करणाऱ्या सवयींकडे कुणाचंच लक्ष नसतं. गाडी बंद करण्याआधी मूठ पिळून रेस द्यायची आणि तशीच चावी फिरवायची, ही त्यातली पहिली. टू-स्ट्रोकच्या काळात मंद चालून प्लगवर तेल आणि काजळी साचायची, म्हणून रेस देऊन प्लग मोकळा करत. आजच्या फोर-स्ट्रोकला त्याची गरजच नाही. उलट कार्बोरेटरच्या गाडीत इंजिन वेगात असताना ठिणगी गेली, तर आत ओढलेलं पेट्रोल न जळता सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन काढू शकतं आणि पुढे सायलेन्सरमध्ये जातं. गिअरमध्येच क्लच सोडून गाडी गचका देऊन बंद करणं, ही दुसरी. तो गचका चेन आणि गिअरबॉक्स दोन्हींनाही बसतो.

तिसरी सवय सर्वांत घातक. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला चावी बंद करून गाडी सोडणं. कशेडीत, आंबेनळीत, वरंध्यात हे सर्रास दिसतं. चावी बंद केली की ब्रेकचा दिवा जातो, हॉर्न जातो, हेडलाइट जातो. मागून येणाऱ्या एसटीला तुम्ही थांबताय हे कळत नाही, आणि वळणापलीकडच्या ट्रकला तुम्ही आहात हेच कळत नाही. एबीएस असेल तर तेही झोपतं. न्यूट्रलवर सोडलं तर इंजिनाची रोखही जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ड्रम तापून त्याची पकड ढिली पडते. आणि इतकं करून वाचतं काय? इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून मूठ सोडली की संगणक स्वतःच पेट्रोल तोडतो, चाकच इंजिन फिरवत राहतं. घाटात गिअर सोडू नका, चावीला हात लावू नका.

तर माझ्या मते योग्य रीत अशी. गाडी पूर्ण थांबवा, मूठ सोडा, न्यूट्रल करा. इंजिन मंद आवाजावर येऊ द्या. त्यासाठी एक-दोन क्षण पुरतात. टर्बोच्या डिझेल गाडीसारखं मिनिटभर चालू ठेवायची गरज आपल्या साध्या मोटरसायकलीला नाही. मग उजव्या अंगठ्यानं लाल बटण दाबा, लगेच चावी बंद करून काढा आणि मग स्टँडवर लावा. किल स्विच नसलेल्या शंभर सीसीच्या गाड्यांत बटणाची पायरी गाळून बाकी सगळं असंच. साइड स्टँड लावून इंजिन मारण्याची सवय नको. स्टँडचा सेन्सर चिखल-पाण्यात बसलेला असतो, आणि तो आहे ते तुमची चूक सावरायला.

रोज बटण वापरा असा माझा आग्रह इंजिनासाठी नाहीच. पावसाळ्यात गंजलेली ॲक्सिलरेटरची केबल अडकली आणि मूठ सोडूनही गाडी सुसाट निघाली, तर हँडलवरचा हात काढून मधली चावी शोधायला वेळ नसतो. अंगठा मात्र बटणाच्या शेजारीच असतो. गाडी घसरून आडवी पडली आणि इंजिन चालूच राहिलं, तर मागचं चाक फिरत असतं, टाकीतून पेट्रोल गळत असतं आणि इंजिनाचं तेल एका बाजूला गेल्यानं तेलाचा पंप हवा ओढत असतो. अशा वेळी डोकं विचार करत नाही. अंगठा रोज जे करतो तेच करतो. शिवाय वर्षानुवर्षं न हललेल्या स्विचचे पॉइंट धूळ-पाण्यानं अडकतात आणि नेमक्या वेळी दगा देतात. जे साधन फक्त संकटात वापरायचं म्हणून बाजूला ठेवलं, ते संकटात चालेल याची खात्री कोण देणार?

आणखी एक गोष्ट आजच करा. तुमच्या मागे जी बसते किंवा जो बसतो, पत्नी, मुलगी, आई, मित्र, त्यांना ते लाल बटण दाखवा आणि एकदा त्यांच्याच हातानं इंजिन बंद करायला लावा. तुम्ही गाडीखाली अडकलात, तर ते दाबायला शेजारी तेच असतील.